गौरीच्या गाण्यातला परमात्मा

आमच्या गौरीच्या गाण्यातली चिंबोरी म्हणजे माणसाची दहा इंद्रियं, असं ज्या माणसानं आम्हाला शिकवलं, त्याला स्वतःला ताटातली चिंबोरी फोडता येत नव्हती. बायकोनं फोडून द्यावी लागे. पुढं त्यानं ती खायचीच सोडली, आणि आम्हालाही सोडा म्हणाला.

मी दुसरीपर्यंत शिकलो. तिसरीच्या वर्षी बाप म्हणाला, खाडीच्या बांधाला खांड पडलीय, चल माती टाकायला. गेलो. शाळेला त्याचं काही वाटलं नाही, मलाही नाही. तेव्हा मी बोलतो तसंच लिहितो. ज्याला शुद्ध हवं असेल त्यानं बुवांच्या कॅसेटी ऐकाव्यात. पेणच्या बाजारात मिळायच्या त्या वेळी, अजून कुणाच्या माळ्यावर पडलेल्या असतील.

बुवा आमच्याच गावचे. पेण तालुक्यात खाडीकाठी आमचं गाव, एका अंगाला भाताची खारी जमीन आणि दुसऱ्या अंगाला मिठागरं. बुवांनी मुंबईत कुठल्याशा हापिसात कारकुनी केली आणि नव्वद साल उलटल्यावर पेन्शन घेऊन परत आले. तिथं असताना त्यांना गाव आठवायचं नाही. परत आल्यावर मात्र त्यांना गावात जिथं तिथं अध्यात्म दिसायला लागलं. देवळात पोथी सांगायला बसले. ते ठीक. पोथीतून कुणी अर्थ काढला तर पोथीचं काय जातंय, ती त्यासाठीच असते. पण पोथी संपल्यावरही त्यांची खोड जिरेना, आणि ते बायकांच्या गाण्यांत शिरले.

पहिल्या वर्षी त्यांनी आमच्या आळीतला फेर थांबवला. गौर आली की आमच्याकडे बायका अंगणात गोल धरून नाचत गातात, तो फेर. त्या दिवशी चिंबोरीचं गाणं चाललं होतं. माझ्या आईच्याही आधीपासूनचं गाणं ते.

गौर गेली खाडीला, चिखल गुडघाभर,
बिळात घातला हात गो, चिंबोरी बोटावर.
दीर हसतो बांधावरनं, हसू दे त्याला आज,
रांधीन तिखट कालवण असं, उतरेल त्याचा माज.

एवढंच गाणं. ते कुणाला कळलं नाही असं कधी झालेलं नाही. जिला दीर आहे तिला तर जास्तच कळतं.

बुवा ओटीवर बसले होते. हात वर करून म्हणाले, "थांबा! तुम्ही काय गाताय ते तुम्हाला ठाऊक तरी आहे का?"

फेर थांबला. आळीतली एक म्हातारी म्हणाली, "चिंबोरीचं गातोय. का रं, तुला डसली काय?"

बायका हसून वाकल्या. बुवा हसले नाहीत. म्हणाले, "चिखल म्हणजे हा संसार. आता चिंबोरीचे पाय मोजा. आठ पाय आणि दोन नांग्या. दहा. पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं. जीव संसारात हात घालतो आणि इंद्रियं त्याला डसतात."

"आनि दीर?"

"दीर म्हणजे काळ. तो बांधावर उभा राहून आपल्याला हसतो आहे."

त्या म्हातारीचा दीर तिथंच कुडाला टेकून बसला होता. काळ. त्याच्या तोंडात दोन दात उरले होते आणि तो खरंच हसत होता, कारण आपलं नाव कशाला निघालं ते त्याला ऐकू आलं नव्हतं.

मी विचारलं, "बुवा, नांगी तुटलेली चिंबोरी हाताला लागली तर? एक इंद्रिय कमी धरायचं?"

बुवांनी डोळे मिटून मान डोलावली. म्हणाले, "अज्ञानाच्या तोंडूनही तोच विचारतो आहे." हे त्यांचं असं होतं. शिवी दिली तरी ते तिचा प्रसाद करून खात.

मला वाटलं, वर्षभरात विसरतील. उलट झालं. आळीत नव्या सुना आलेल्या, दहावीपर्यंत शिकलेल्या. सासवांबरोबर चिखलाची, कालवणाची गाणी म्हणायला त्या लाजायच्या. आता त्याच गाण्यांना संस्कृताचा वास लागल्यावर त्या पदर खोचून पुढं आल्या. गाण्याची चाल मंदावली. फेरात टाळी वाजेना, हात जोडले जायला लागले. मी सांगतो, हात जोडून नाचणारी बाई ज्यानं पाहिली नाही त्यानं फार काही गमावलेलं नाही. पुढच्या वर्षी बुवांनी टेपरेकॉर्डर आणला, आधी गाणं आणि मागून त्यांचा अर्थ अशी कॅसेट निघाली. त्यात गाणं थोडं आणि खाकरणं फार.

मग ते गौरीच्या पानावर आले. आमची गौर येते त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला तिखटाचं जेवण दाखवतात. मटण, नाहीतर चिंबोऱ्या. बाई वर्षातून एकदा माहेरी येते, तिला तिच्या आवडीचं नको? बुवा म्हणाले, गौर म्हणजे आदिमाया, तिच्यापुढं चिंबोरी कसली ठेवता. झालं. काही घरांत पुरण शिजलं. खाडीकाठच्या माहेरी येऊन गौरीनं पुरणपोळी खायची! मी तिच्या जागी असतो तर पुढच्या वर्षी दुसरं माहेर बघितलं असतं.

माझ्या घरात चिंबोऱ्याच झाल्या. पण माझी बायको मनानं तिकडे गेली होती.

"आवो, बुवा सांगतात त्यात वायट काय हाय?" ती म्हणाली. "देवाचंच नाव निघतंय ना?"

"देवाचं नाव काढायचं तर देवाचं गाणं म्हणा. चिंबोरीच्या पाठीवर त्याला कशाला बसवता?"

"तुमाला समजत नाय म्हणून राग येतो."

"मला समजतंय म्हणून राग येतो."

"दुसरी पास," ती म्हणाली आणि पाण्याला गेली. ती स्वतः शाळेच्या आवारातसुद्धा कधी गेली नव्हती.

एवढ्यावर मी हसून सोडून दिलं असतं. चिंबोरीला इंद्रिय म्हणा नाहीतर इंद्र म्हणा, कालवणात ती तशीच लागते. माझं टाळकं फिरलं ते गाऱ्हाण्यावरून, आणि ते नीट सांगायला पाहिजे.

तिखटाचं जेवण झालं की दुपारी माहेरवाशिणी गौरीपुढं बसतात. फेराची ठरलेली गाणी बाजूला ठेवून एकेक बाई स्वतः रचलेलं गाते. चाल जुनी, शब्द तिचे. त्याला गाऱ्हाणं म्हणतात. वर्षभर सासरी जे सोसलं ते ती गौरीच्या नावानं सांगते. गौरीचा नवरा असा, गौरीची सासू तशी. भाऊ ओटीवर बसून ऐकतो. बाईला काही विचारायचं नाही, गाण्याबाहेर तिच्याकडून काही काढायचं नाही. ऐकायचं, आणि गौर उठायच्या आत उत्तर द्यायचं. तेही बोलून नाही, करून. एकीनं गायलं की गौरीचं घर गळतं, पावसाला आतबाहेर सारखंच, तर तिच्या भावानं दुसऱ्या दिवशी गौरीच्या पाटाजवळ पेंढ्याचे भारे आणून टाकले. कुणी काही बोललं नाही. गौर उठली तशी भारे बहिणीसोबत सासरी गेले. आणि सासरच्यांना त्यावरून भांडता येत नसे, कारण गाण्यात बोलली ती गौर, त्यांची सून नव्हे. गौरीशी कोण भांडणार?

ही पद्धत कुणी काढली देव जाणे, पण ज्यानं काढली त्याला बहिणी होत्या.

माझी थोरली बहीण, तिला मी बाय म्हणतो, ती गाऱ्हाण्यात आळीत सगळ्यांत पुढं. तिला अष्टमी गावात दिलेली, रोह्याच्या समोर, कुंडलिकेच्या पलीकडं. तरुणपणी ती गाऱ्हाण्यात सासूच्या घोरण्यापासून नवऱ्याच्या विडीपर्यंत सगळं आणायची आणि बायका पोट धरून हसायच्या. नवरा गेल्यावर तिनं गाणं कमी केलं. मुलगा रोह्याला कंपनीत लागला होता, शिफ्टची नोकरी, जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं. बायला आता काय कमी, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो.

त्या वर्षी ती आली ती हडकून आली. हातातली पिशवी नेहमीपेक्षा जड. मी पिशवी उचलली तर तिनं हिसकावून घेतली.

"काय आणलंस एवढं?"

"माझी लुगडी आनलीत. तुला नेसायचीत?"

"बरी हायस ना गो बाय?"

"बरीच हाय. तू म्हातारा झालास."

बस. पुढं विचारायचं नसतं. मी ओळखलं की काय असेल ते दुपारी गाण्यात येईल.

दुपारी माझ्या माजघरात आळीतल्या बायका जमल्या. आणि बघतो तर गौरीच्या उजव्या हाताला बुवा, पुढ्यात टेपरेकॉर्डर. माझ्या बायकोनं बोलावलेलं. बायकांत बायच्या सुनेची मावशीही बसली होती, ती आमच्याच आळीत दिलेली. माझ्या मनात आलं, आज बाय गाणार नाही. पण तिनं डोळे मिटले आणि गायला लागली.

गौरीच्या लेकाचं घर गो, वर स्लॅब, खाली लादी,
लादीवर पाय नको, सून बोलली आधी.
मागल्या दारी तीन दगड, त्यावर गौरीचा भात,
वर धरते सूप गो, दुखून येतो हात.

माझ्या हातातली विडी विझली. मला काही कुणी समजावून सांगायला नको होतं. माझी बहीण पावसाळ्यात उघड्यावर तीन दगडांची चूल मांडून, भातात पाणी पडू नये म्हणून एका हातानं सूप धरून बसते. तिच्या मुलाचं घर चार पावलांवर उभं.

"वा!" बुवा म्हणाले.

बायकांनी माना वळवल्या.

"काय प्रतिभा आहे! ऐकलंत का? तीन दगड. सत्त्व, रज, तम. या तीन गुणांवर देहाची चूल मांडलेली आहे. सूप कशासाठी? पाखडण्यासाठी. सूप म्हणजे विवेक. आणि पाऊस, तो कृपेचा वर्षाव. जीव वेडा आहे, कृपेखाली बसला आहे आणि वर सूप धरतो आहे!"

"बया," कुणीतरी म्हणालं, आणि दोघींनी बायला तिथूनच हात जोडले.

बायनं डोळे उघडले. मला वाटतं तिला आधी कळलंच नाही की हे कुणाबद्दल चाललंय. अष्टमीला हे खूळ पोचलं नव्हतं. तिनं बुवांकडे बघितलं, मग जरा आवाज चढवून आणखी उघड गायला लागली.

सूनबाय सांगते शेजारी, म्हातारी राहते सुखात,
म्हातारीचा भात गो, अर्धा पाण्यात, अर्धा धुरात.

"सूनबाय म्हणजे माया!" बुवा मांडीवर थाप मारून म्हणाले. "माया जगाला सांगते की जीव सुखात आहे. आणि आतून काय? धूर!"

मायेची मावशी समोरच बसलेली. तिनंही हात जोडले. तिला बरंच वाटलं असेल.

सगळ्या बायका डोलत होत्या. यांतल्या निम्म्या बायकांनी आपापल्या माहेरी, अशाच पाटापुढं आपापली गाऱ्हाणी गायलेली, आणि त्यांच्या भावांनी ऐकलेली. त्या बायकांना बहिणीची चूल दिसेना, तीन गुण दिसले. शिकवून माणूस किती आंधळा करता येतो ते मी त्या दुपारी बघितलं. त्यासाठी शाळासुद्धा लागत नाही, एक टेपरेकॉर्डर पुरतो.

बाय आता माझ्याकडे तोंड करून बसली. तिसरं कडवं तिनं हळू गायलं.

भावा, तुझ्या पडवीत गो, जागा हाय का दोन हात?
उद्या निघते गौर गो, सांग तू आजच्या आत.

माझी बहीण साठी उलटलेली. सगळ्या आयुष्यात तिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. आणि मागितलं तर काय, पडवीत दोन हात जागा.

बुवांचा गळा भरून आला. खरंच भरून आला, ढोंग नव्हतं, आणि तेच मला जास्त लागलं. म्हणाले, "भाऊ म्हणजे परमात्मा. पडवी म्हणजे मोक्षाचं दार. दोन हात म्हणजे द्वैत, ते तेवढं उरलं आहे." मग टेपची कळ दाबून बघितली आणि म्हणाले, "माउली, शेवटचं कडवं पुन्हा म्हणा. आवाज नीट आला नाही. जरा या बाजूला तोंड करून."

आणि माझी बायको म्हणाली, "म्हणा ओ वन्सं, म्हणा."

बायनं तोंड उघडलं. ती म्हणणार होती. पाहुणीला आग्रह केला की ती नाही म्हणत नाही, तशी.

मी उठलो. टेपची वायर भिंतीतून उपटली.

"बुवा," मी म्हणालो, "परमात्मा मी हाय. ही पडवी माझी, आनि जागा हाय. आता गप बसायचं."

"अहो, तुम्ही शब्दात अडकलात..."

"शब्दात माझी बहीण अडकलीय. तिला घराच्या बाहेर चूल मांडून दिलीय. पावसात भात शिजवते ती. लेक शिफ्टला जातो नि सून तिला लादीवर पाय ठेवू देत नाय. यात माया कुठं हाय? ही बघा मायेची मावशी, हिला विचारा!"

मावशी उठून उभी राहिली, पदर सावरला आणि बाहेर पडली. ती संध्याकाळच्या आत अष्टमीला निरोप धाडणार हे कुणीही सांगितलं असतं.

आणि बाय उभी राहून मला म्हणाली, "खोटं हाय."

"काय खोटं?"

"सगळं. मी गौरीचं गानं गायलं. माझा लेक चांगला हाय, सून चांगली हाय. मला काय कमी नाय. तुला कुनी सांगितलं होतं बोलायला?"

बुवांनी दोन्ही हात पसरून बायकांना सांगितलं, "बघा. जीवाला मोक्ष समोर दिसला तरी तो नको म्हणतो." हे तर त्यांनी पुढं कॅसेटमध्येही घातलं, मी काय सांगतो.

रात्री बाय जेवली नाही. माझी बायको रडली आणि म्हणाली की मी गौरीसमोर देवमाणसाचा अपमान केला. दुसऱ्या दिवशी गौर पाण्यात गेली आणि बायनं पिशवी उचलली. मी पडवी झाडून, बाज टाकून, वर नवं कांबळं घालून ठेवलं होतं. तिनं तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"गाण्यात लपवायला मिळतं म्हनून तर आमी गातो," ती उंबऱ्यात म्हणाली. "बुवानं भलतंच काढलं नि तू सगळंच काढलंस. दोघं सारखेच."

मला बुवांच्या पंगतीला बसवून ती गेली. मी चुकलो असं मी तेव्हा म्हणालो नाही, आजही म्हणत नाही. आंधळ्यांच्या बाजारात कुणीतरी बोट दाखवलंच पाहिजे. पण पडवीतली बाज रिकामी होती, आणि ती मला माझ्या बरोबर असण्यापेक्षा जास्त वेळ दिसत राहिली. पुढच्या सोमवारी मी पेणला जाऊन रोह्याची एसटी धरली.

अष्टमीला पोचलो तर भाचा घरीच होता, दुसऱ्या पाळीचा. लाजेनं काळा पडलेला. बसा मामा, पाणी घ्या मामा. मी लादीवरून चपला घालूनच मागच्या दारी गेलो. सून तोंडावर पदर धरून उभी राहिली. मागं तीन दगड होते, ओले. गौरीचे दिवस सरून गेले तरी सुनेनं चूल आत घेतली नव्हती. उलट, मावशीचा निरोप आल्यावर आता वरचं सूपही तिथं नव्हतं. बाय कुडाच्या आडोशाला मेथी निवडत बसली होती.

"चल," मी म्हणालो.

"कुटं?"

"घरी. जागा हाय म्हनून सांगितलं ना."

"ते तू साऱ्या गावाला सांगितलंस. मला नाय." मेथीची काडी मोडून ती हळूच म्हणाली, "आता मी गेले तर लोक काय बोलतील? म्हातारीला लेकानं हाकलली. माझ्या लेकाला कंपनीत तोंड दाखवायचं हाय. त्याचा जीव नाय रे वायट, तो भित्रा हाय. मी नाय येत."

"मग बस इथं भिजत."

"बसते."

आम्ही दोघं एका बापाची. अर्धा तास तशीच बसलो. शेजारच्या घरातल्या दोन बायका कुंपणाशी कपडे वाळत घालत होत्या, एकच लुगडं पुन्हा पुन्हा झटकत. भाचा दारात उभा राहून नखं खात होता.

मग बाय मेथीकडे बघतच म्हणाली, "तुला गरज असती तर आले असते."

"मला कसली गरज?"

"नाय ना? मग झालं."

मला कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर अंगाची आग झाली. आयुष्यात मी कुणापुढं हात पसरला नव्हता. मिठागराच्या शेठजीपुढं नाही, बांध फुटल्यावर सरकारपुढंही नाही. आणि आता धडधडीत खोटं, तेही शेजारणींना ऐकू जाईल असं बोलायचं. जे आहे ते उघड बोलावं, हे मी बुवांना सुनावून फार दिवस झाले नव्हते.

मी उठून उभा राहिलो आणि कुंपणाकडे तोंड करून मोठ्यानं म्हणालो, "बाय, माझी बायको आजारी हाय. उठवत नाय तिला. घरात भाकरी भाजायला मानूस नाय. मी कुनापुढं रडू? तू आलीस तर दोन घास पोटात जातील. लेकाला विचार, तो धाडत असेल तर."

लुगडं झटकायचं थांबलं.

बाय म्हणाली, "आता नको रे. इथं माझ्या लेकाची आबाळ होईल."

म्हातारी एवढ्यावर भागवेना! मला आणखी एकदा बोलायला लावलं. मी दात खाऊन म्हणालो, "पाया पडतो गो बाय."

"पाया नको पडूस, मोठी असले तरी बाईमानूस मी," ती म्हणाली. मग आतल्या बाजूला ओरडली, "बाळा, मामाकडे वाईट दिवस आलेत रं. जाऊ का थोडे दिवस?"

भाच्याच्या छातीवरचा दगड उतरलेला मला दिसला. "जा ना आई," तो म्हणाला, "मामांना गरज असेल तर आपण नाही कसं म्हणायचं?" आणि मला वाकून नमस्कार केला. सुनेनं पोळ्या बांधून दिल्या. पोळ्या चांगल्या होत्या, ते नाकारून उपयोग नाही. शेजारणींनी बायच्या हातावर साखर ठेवली आणि म्हणाल्या, "जा मावशी, भावाला तुम्हीच."

रोह्याच्या एसटी स्टँडला जायला पूल ओलांडावा लागतो. बायची ट्रंक माझ्या डोक्यावर, पिशवी तिच्या हातात. कुंडलिका भरून चालली होती. पुलाच्या मधोमध आल्यावर, अष्टमीची घरं जरा मागं पडल्यावर, बाय हसायला लागली. इतकी हसली की तिला कठड्याला धरून उभं राहावं लागलं.

"काय झालं?"

"पाया पडतो म्हनालास," ती म्हणाली. "तू."

"चल, गाडी जाईल."

"आनि बायको आजारी? अरे, ती तुझी बायको रेड्यासारखी ठनठनीत. उद्या माझा लेक बघायला आला म्हंजे?"

मी ट्रंक डोक्यावर नीट केली. "झोपवू तिला," मी म्हणालो. "नायतर बुवाला बसवू दारात. सांगेल तो, आजार म्हंजे काय नि बायको म्हंजे काय."

"तुझी बायको झोपनार नाय."

"मग तू समजाव. तुला यायचं होतं."

"मला? तुला गरज होती," बाय म्हणाली आणि माझ्या पुढं चालायला लागली.